रोही आडवा आला. आता मोठी गाडी घ्यावी का?

पत्राचा सारांश : अमरावतीत राहणाऱ्या एका शिक्षिकेने हे पत्र पाठवले असून नाव-गाव न छापण्याची विनंती केली आहे. त्यांचे यजमान सरकारी कार्यालयात नोकरी करतात. सासरे अंथरुणाला खिळल्यापासून ते दर शनिवारी संध्याकाळी काम आटोपून स्वतः गाडी चालवत वाशीम जिल्ह्यातल्या आपल्या गावी जातात आणि सोमवारी पहाटे साडेचारला तिथून निघून कामावर हजर होतात. गेल्या मार्गशीर्षात परतताना कारंज्याजवळ तुरीच्या वावरातून एक रोही (नीलगाय) उडी मारून रस्त्यावर आला. बोनेट चेपले, पुढची काच फुटून आत आली, यजमानांच्या कपाळाला आणि हाताला टाके पडले. ओळखीच्या माणसाला बोलावून त्यांनी गाडी ओढून नेली. जनावर तिथेच पडून राहिले, आणि पोलिसांना किंवा वनखात्याला काहीच कळवले गेले नाही. आता त्यांनी कर्ज काढून मोठी एसयूव्ही घ्यायचे व तिला पुढे लोखंडी गार्ड बसवायचे ठरवले आहे. पत्रलेखिकेला वाटते की त्यांनी गावी जाणेच कमी करावे. यावरून घरात अबोला धरला गेला आहे, आणि सासूबाई या सगळ्याला अपशकुन म्हणत आहेत. मोठ्या गाडीने खरोखर धोका टळेल का, यजमानांना जाण्यापासून अडवावे का, आणि झाला प्रकार न कळवल्याने काही अडचण येईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई,

तुमच्या यजमानांचे टाक्यांवर निभावले, हे वाचून बरे वाटले. पूर्ण वाढलेला रोही, म्हणजे नर नीलगाय, दोनशे किलोच्या आसपास भरतो आणि खांद्यापाशी चार-साडेचार फूट उंच असतो. त्याचे सगळे वजन लांब, सडपातळ पायांवर तोललेले असते. छोट्या मोटारीचा बंपर त्याच्या पायांना लागतो, पाय खालून निघून जातात आणि धड बोनेटवरून घसरत थेट काचेवर येते. त्या काचेमागे चालकाचे डोके असते. हे सारे यजमानांनी दोन हातांच्या अंतरावरून पाहिले आहे. म्हणून त्यांच्या एसयूव्हीच्या आग्रहाला तुम्ही पत्रात ‘हौस’ म्हटले असले, तरी मला त्यात भीती दिसते. पुष्कळ पुरुष ‘मी घाबरलो’ असे म्हणण्याऐवजी कर्जाचे कागद गोळा करू लागतात. त्यांच्याशी बोलताना एवढे ध्यानात ठेवलेत तर अबोला सुटायला मदत होईल.

आता तुम्ही दोघांनीही गृहीत धरलेल्या एका गोष्टीकडे वळू. रोही कुठून आला ते कळलेच नाही, असे यजमान सांगतात आणि तुम्हीही ते तसेच मान्य केले आहे. त्या क्षणापुरते ते खरेच आहे. परंतु मार्गशीर्षात आपल्याकडे तूर माणसाच्या डोक्याइतकी, कुठे कुठे त्याहूनही उंच झालेली असते आणि अनेक ठिकाणी ती साईडपट्टीला अगदी खेटून उभी असते. शेजारच्या वावरात हरभरा कोवळा असतो. रोही आणि रानडुकरे अंधार पडल्यावर पिकात उतरतात आणि उजाडायच्या आत झुडपी जंगलाकडे, नाल्याकडे परत फिरतात. त्यामुळे साडेचारला गावाहून निघालेली गाडी त्या पट्ट्यात नेमकी त्यांच्या परतीच्या वेळेला पोहोचते. त्यातच कारंजा-सोहोळ हे काळविटांचे अभयारण्य त्याच भागात आहे, आणि प्राण्यांना अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. अशा रस्त्यावर त्या वेळी जनावर आडवे येणे हा अपेक्षित प्रसंग आहे, आणि तो अपेक्षित धरूनच गाडीचा वेग ठरवायला हवा.

त्या वेगाचा हिशेब एकदा यजमानांसमोर मांडा. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी दर सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. समोर काहीतरी आहे हे उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे ३३ मीटर तिथेच संपतात. त्यापुढे कोरड्या, चांगल्या डांबरावरसुद्धा गाडी थांबायला आणखी पस्तीसेक मीटर लागतात. एकूण जवळपास ७० मीटर झाले. खाली केलेल्या दिव्यात करड्या अंगाचे जनावर मात्र ४०-५० मीटरपलीकडे धडपणे दिसत नाही. याचा अर्थ असा की ८० च्या वेगाने जाणारा चालक, तो कितीही निष्णात असला तरी, दिसल्यानंतर थांबूच शकत नाही. वेग ५० वर आणला की तेच अंतर पस्तीस मीटरच्या आसपास येते. थांबता आले नाही तरी धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने कमी होत असल्यामुळे, काच आत येणे आणि बोनेटला पोचा पडणे एवढा फरक त्यातून पडतो. ‘रस्ता मला पाठ आहे’ असे नेहमी ये-जा करणारे सगळेच म्हणतात. वळणे आणि खड्डे पाठ होतात, जनावरे होत नाहीत. उलट रस्ता ओळखीचा झाला की नजर सैलावते, आणि दोन रात्री आजारी वडिलांच्या उशाशी काढलेल्या माणसाची पहाटे ती अधिकच सैलावते.

अनेकांना वाटते की जनावराचे डोळे दिव्यात चमकतात, म्हणजे ते आधी दिसेलच. गाय, म्हैस, रोही, बिबट्या यांच्या डोळ्यांच्या पडद्यामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो, त्यामुळे ते चमकतात हे खरे आहे. परंतु त्यासाठी जनावराचे तोंड गाडीकडे असावे लागते, आणि रस्ता ओलांडणारे जनावर बहुधा समोर पाहत असते. रानडुकराच्या डोळ्यांत तर तो थरच नसतो. त्यामुळे डुकरांचा कळप म्हणजे डांबरावर सरकणारा डांबराच्याच रंगाचा आकार असतो, आणि तो चाकांपाशी येईपर्यंत दिसत नाही.

मोठ्या गाडीविषयी यजमान सर्वस्वी चुकीचे नाहीत. एसयूव्हीचे बोनेट उंच असल्यामुळे रोहीसारखे उंच जनावर काचेवर येण्याची शक्यता काही प्रमाणात कमी होते. मात्र तिचा गुरुत्वमध्यही वर असतो. घाबरून स्टिअरिंग झटक्यात वळवले, तर छोट्या गाडीपेक्षा ती उलटण्याचा धोका जास्त असतो. शिवाय उंच बसल्यावर वेग कमी भासतो आणि ८० चे ९५ कधी झाले ते कळत नाही. गार्डचा विचार मात्र सोडूनच द्यावा. असे लोखंडी गार्ड गाडीत केलेला बेकायदा बदल ठरतात, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यांच्यावर कारवाई करायला कळवले होते. चेपण्यासाठी आखलेला गाडीचा पुढचा भाग गार्डमुळे नीट चेपत नाही, धक्का सरळ चासीपर्यंत जातो आणि एअरबॅग वेळेवर उघडण्याचा हिशेबही बिघडू शकतो. आडव्या आलेल्या माणसाचे त्या लोखंडाने काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

कर्जाच्या आधी करण्यासारखी काही कामे सध्याच्या गाडीवरच आहेत आणि ती फार स्वस्तात होतात. हेडलाईटच्या काचा पिवळ्या पडल्या असतील तर त्या घासून किंवा बदलून घ्याव्यात आणि दिव्यांचा झोत गॅरेजमध्ये नीट लावून घ्यावा. गावाहून येताना डिकीत डाळीचे, गव्हाचे कट्टे असतातच. मागे वजन पडले की गाडीचे नाक वर होते, झोत झाडांच्या शेंड्यांवर जातो आणि रस्ता अंधारात राहतो. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या हाताला शून्य ते तीन आकडे असलेली एक छोटी चकती असते. ती याचसाठी दिलेली असते, आणि कित्येक जण गाडी विकेपर्यंत तिला हात लावत नाहीत. ओझे असताना ती फिरवून झोत खाली आणावा. पुढची काच आतून पुसावी, कारण तिच्यावर साचलेल्या पातळ थरामुळे समोरून येणाऱ्या दिव्याचा चकाकता पडदा तयार होतो. ते कट्टेही बांधून ठेवावेत, नाहीतर जोराच्या ब्रेकला तेच मागून येतात. सासूबाईंना लिंबू-मिरची बांधायची असेल तर खुशाल बांधू द्या, फक्त ती काचेसमोर लोंबणार नाही एवढे पाहा.

रस्ता रिकामा असेल तेव्हा अप्पर लावूनच चालवावे आणि समोरून वाहन आले की डिपर द्यावा. दोन्ही गाड्यांनी दिवे खाली केल्यापासून त्या एकमेकींना ओलांडेपर्यंतचे काही क्षण सर्वांत आंधळे असतात, म्हणून वेग तिथे आधीच कमी करायला हवा. जनावर दिसलेच तर ब्रेक पूर्ण ताकदीने दाबावा आणि गाडी आपल्या लेनमध्ये सरळ ठेवावी. एबीएस, म्हणजे जोराच्या ब्रेकला चाके जाम होऊ न देणारी सोय, असलेल्या गाडीत अशा वेळी पायाखाली थरथर जाणवते, तिला घाबरून पाय उचलू नये. जनावर वाचवायला गाडी वळवणे माणुसकीचे वाटते, परंतु आपल्या जुन्या रस्त्यांच्या कडेला कडुनिंबाची, चिंचेची बुंधेदार झाडे आहेत, पुलांचे कठडे आहेत आणि समोरून ट्रक येत असतो. रोहीची धडक निभावून नेता येते, चिंचेची बहुधा येत नाही. जनावर दिव्यात थिजून उभे राहिले तर दिवा खाली करून थांबावे, लांब हॉर्न द्यावा आणि त्याला निघायला वेळ द्यावा. एक गेला म्हणून लगेच वेगही वाढवू नये. माद्या आणि पिल्ले घोळक्याने चालतात, डुकरे तर रांगेनेच येतात, आणि पुष्कळदा धडक होते ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या जनावराशी.

तुमच्या पत्राच्या निमित्ताने दुचाकीवाल्यांनाही सांगायला हवे. पहाटे दूध घालणारे, पाळीवर जाणारे, आडगावच्या शाळेत रुजू असलेले शिक्षक हे सारे याच रस्त्यांवर असतात. मोटारीला डुक्कर धडकले तर बंपर जातो, दुचाकीला धडकले तर पुढचे चाक वळते आणि माणूस डोक्यावर पडतो. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळलेला असावा, आरशाला अडकवलेल्या हेल्मेटचा उपयोग नाही. अंधारात वेग चाळिशीच्या वर नेऊ नये, दोन्ही ब्रेक एकदम लावण्याची सवय करावी, आणि जमल्यास मोठ्या वाहनाच्या मागे पुरेसे अंतर ठेवून जावे.

पावसाळ्यात जनावर वेगळे असते, ते आपल्याच गोठ्यातले असते. ओल्या, चिखलट शिवारापेक्षा डांबर कोरडे आणि उबदार, माश्याही तिथे कमी, म्हणून गाई-म्हशी रात्री रस्त्यावर येऊन बसतात. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर बसलेली असेल तर तिला दिवाही शोधू शकत नाही. काही गावांत तरुण मंडळी जनावरांच्या शिंगांना किंवा गळ्यात रेडियमचे पट्टे बांधतात. या प्रश्नावर याहून स्वस्त उपाय माझ्या पाहण्यात नाही, आणि यजमानांनी आपल्या गावात तो सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही. जनावर मोकाट सोडून लोकांचा जीव धोक्यात घालणे हा मालकाचा गुन्हा ठरू शकतो, ही आठवणही ग्रामसभेत द्यावी.

सगळा भार चालकावर टाकणे मात्र मला पटत नाही. नागपूर–शिवनी महामार्ग जिथे पेंचच्या जंगलातून जातो, तिथे महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून नऊ ठिकाणी मार्ग बांधले गेले, त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे, आणि वाघांपासून चितळांपर्यंतचे प्राणी ते वापरताना कॅमेऱ्यांत टिपले गेले आहेत. जिथे अशी सोय नव्हती, त्या नागपूर–अमरावती महामार्गावर डिसेंबर २०१७ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्पातला ‘बाजीराव’ हा वाघ वाहनाच्या धडकेत मेला. तुमच्या जिल्हा रस्त्यावर असा पूल कोणी बांधणार नाही, हे उघड आहे. परंतु साईडपट्टीवरची बाभळीची झुडपे तोडणे, नाल्यापाशी रम्बलर आणि फलक लावणे ही कामे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या आवाक्यातली आहेत. जनावरे वाटेल तिथून रस्ता ओलांडत नाहीत. नाला, पांदण, दोन झटका कुंपणांमधली फट अशा ठरावीक जागा असतात, आणि रोहीला तर एकाच ठिकाणी लेंड्या टाकण्याची सवय असते. रात्री जागलीला जाणारे शेतकरी आणि मुक्कामी एसटीचे चालक या जागा बोट ठेवून दाखवतील. त्यांना विचारून यजमानांनी त्या टिपून ठेवाव्यात आणि लेखी अर्जात कळवाव्यात.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. पडलेले जनावर तिथेच सोडून जाण्यातला सर्वांत मोठा धोका कायद्याचा नाही. अंधारात रस्त्यावर आडवे पडलेले दोनशे किलोचे धूड मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेऊ शकते. म्हणून अशा वेळी आधी गाडी कडेला घेऊन इंडिकेटर लुकलुकते ठेवावेत, मागे अंतरावर त्रिकोणी फलक ठेवावा आणि स्वतः रस्त्याबाहेर उभे राहावे. जखमी जनावराजवळ जाऊ नये, कारण मरणासन्न रोहीची लाथही हाड मोडते. मग ११२ वर पोलिसांना आणि १९२६ या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर वनखात्याला कळवावे. माणूस जखमी असेल तर १०८, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३, आणि पाळीव जनावर जखमी असेल तर पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हे क्रमांक आहेत. पाच आकडे फोनमध्ये आजच साठवून ठेवण्यासारखे आहेत.

रोही आणि रानडुक्कर दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. मेलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता असते, त्यामुळे गाडीखाली आलेल्या डुकराचे वाटे करून घरी नेणारे लोक, अपघातात ज्याचा काही दोष नव्हता अशा प्रसंगातून थेट गुन्ह्यात शिरतात. पाळीव जनावर मेले किंवा जखमी झाले तर ते दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान ठरते आणि मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमानुसार जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत खबर द्यावी लागते. जमाव चिडलेला असेल तर तिथे थांबून वाद घालण्यापेक्षा सरळ ठाण्यात जाणे शहाणपणाचे, आणि कायद्यानेही जमावाच्या संतापाची शक्यता लक्षात घेतलेली आहे.

तुमच्या यजमानांच्या बाबतीत बराच काळ उलटला आहे. तरीही त्या भागातल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन जागा आणि वेळ सांगून यावे असे मी सुचवेन. स्वतःहून सांगणाऱ्याकडे आणि शोधून काढाव्या लागणाऱ्याकडे कोणताही अधिकारी एकाच नजरेने पाहत नाही. लेखी जबाब देण्याआधी एखाद्या स्थानिक वकिलाशी बोलून घेतले म्हणजे मनातली धास्तीही जाईल. विम्याचा दावा अजून करायचा असेल, तर ‘झाडावर आदळली’ असे लिहिण्याचा सल्ला गॅरेजवाला देईल, तो ऐकू नका. सर्वसमावेशक, म्हणजे लोक ज्याला फर्स्ट पार्टी म्हणतात त्या विम्यात जनावराच्या धडकेने झालेले नुकसान बसते. केवळ थर्ड पार्टी असेल तर आपल्या गाडीचे पैसे मिळत नाहीत. कळवायला उशीर का झाला, ते खरे तेच लिहावे.

राहिला अडवण्याचा प्रश्न. अंथरुणावरच्या वडिलांकडे जाऊ नका असे सांगितलेत, तर ते जातीलच, फक्त निघण्याची आणि पोहोचण्याची खरी वेळ तुम्हाला सांगणार नाहीत. तुमची भीती रास्त आहे, पण तिचा रोख जाण्यावर आहे, आणि धोका निघण्याच्या वेळेत आहे. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे सध्या त्यांच्या दोन्ही फेऱ्या अंधारात पडतात. परतीची फेरी रविवारी दुपारी तीनला हलवली तर ती पूर्ण उजेडात होते आणि सोमवारी ते झोप झालेल्या डोळ्यांनी कामावर जातात. वडिलांजवळचा एक रात्रीचा मुक्काम त्यातून कमी होईल, आणि खरी रदबदली इथेच करावी लागेल. ती रात्र गावातला कोणी भाचा-पुतण्या किंवा पगारी माणूस सांभाळू शकेल का, महिन्यातून एखाद्या शनिवारी तुमची सकाळची शाळा सुटल्यावर तुम्हीच एसटीने पुढे जाऊ शकाल का, की सासऱ्यांना काही महिने अमरावतीला आणणे त्यांच्या तब्येतीला झेपेल, यावर तुम्ही दोघांनी बोलावे. सोमवारची पहाट टाळणे अगदीच अशक्य असेल, तर उजाडल्यावर निघून कार्यालयात उशिरा येण्याची परवानगी मागावी. घरच्या आजारपणासाठी अर्धी रजा टाकणारा तो कार्यालयातला पहिलाच माणूस नसेल.

गाडीचा निर्णय होळीपर्यंत पुढे ढकला. तोवर तूर निघालेली असेल, पहाट लवकर होऊ लागेल आणि त्यांच्या मनातला धक्काही थोडा ओसरेल. त्यानंतरही घ्यावीशी वाटली तर घ्या, पण धडक-चाचण्या घेऊन गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या ‘भारत एनकॅप’चे तारे पाहताना एवढे लक्षात असू द्या की त्या चाचण्यांत काचेवर येऊन पडणारे जनावर धरलेले नसते. गाडी आपोआप ताळ्यावर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल ही सोय आणि चांगले दिवे असलेले मॉडेल निवडा, आणि गार्ड विक्रेत्याने फुकट देऊ केला तरी नको म्हणा.